मोहाखाली जाळी, हातात वही

मागच्या अंकात मी गडचिरोलीतल्या ग्रामसभा जंगलातला बांबू आणि तेंदूपत्ता (बिडीचं पान) स्वतःच विकतात त्यावर कौतुकाने लिहिलं होतं, त्यावर एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. कौतुकाची बाजूला ठेवलीत, भांडणाची आणि प्रश्नांची इथे घेतलीत. नावं मुद्दाम छापत नाही कारण तिघाचौघांनी आपापल्या गावातल्या भानगडी पण मोकळेपणाने लिहून पाठवल्यात.

प्रश्न: ताई, लेख आवडला पण पटला नाही. मी दर वीकेंडला सह्याद्रीत फिरतो, जंगल कसं संपत चाललंय ते डोळ्यांनी बघतो. अशात आदिवासींनी जंगलातनं माल काढून विकायचा आणि आपण टाळ्या वाजवायच्या? सगळेच काढत सुटले तर उरणार काय?
— एक ट्रेकर, पुणे

उत्तर: दादा, तुमची काळजी खोटी नाही, पण "माल" हा एकच शब्द तुम्ही पाच-सहा वेगळ्या गोष्टींना लावलाय. झाडाचं नेमकं काय काढताय यावर सगळं आहे. फूल, फळ, पान, डिंक, साल, मुळी, या क्रमाने झाडाच्या जिवाला धोका वाढत जातो असं ढोबळमानाने धरा. आता मोहाचं बघा. आपण जे मोहफूल म्हणून वेचतो तो खरं तर रसाळ पाकळ्यांचा गोंडा, तो रात्री-पहाटे आपला आपण गळून पडतो आणि फळ धरणारा भाग झाडावरच राहतो, म्हणजे एखाद्या बाईने टोपलीभर फुलं वेचली म्हणून त्या झाडाची एक बी पण कमी होत नाही. (अस्वलाचं आणि हरणांचं खाणं मात्र थोडं कमी होतं, आणि अस्वल ते मनावर घेतं. पहाटेच्या अंधारात मोहाखाली अस्वलाची गाठ पडून माणसं जखमी होतात, तो धोका वेचणाऱ्या बायांच्या वाट्याला.)

मग मोहाच्या धंद्याने नुकसान होतच नाही का? होतं ना, पण वेचण्याने नाही, काडीने. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, मार्च महिना, सगळं वाळलेलं, वारा फिरला की आग डोंगरभर जाते आणि मोहाचीच नवी रोपं त्यात करपतात. जुनी झाडं उभी आहेत पण खाली पोरंच नाहीत असे मोह तुम्हाला बऱ्याच गावांत दिसतील. म्हणून हल्ली काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधतात नाहीतर सरळ जुन्या साड्या अंथरतात, फूल स्वच्छ मिळतं, माती लागत नाही, रेट बरा येतो आणि काडी लावायचं कारणच उरत नाही. उपाय इतका साधा आहे, पण जाळीचे पैसे आधी कोण घालणार, इथे गाडी अडते.

आता दुसरं टोक बघा, आणि ते तुमच्या सह्याद्रीतलंच आहे. नरक्या. या झाडात कॅम्पटोथेसिन नावाचं द्रव्य असतं, कॅन्सरच्या औषधांना लागतं, परदेशातून मागणी, मग काय, कोकण-घाटमाथ्यावरचा नरक्या चोरून तोडून रवाना झाला. तोडणाऱ्या हाताला मजुरी मिळाली, बास. झाड नेमकं कुणाचं आणि किती तोडायचं हे ठरवायचा हक्क तिथल्या माणसाला नव्हता, त्यामुळे जो पहिला पोचेल त्याचं. मला विचाराल तर जंगल वापराने संपतं त्यापेक्षा असल्या बेवारसपणाने जास्त संपतं.

प्रश्न: आमच्या जिल्ह्यात दारूने घरं बसली आणि तुम्ही मोहफुलाच्या लाडवांची जाहिरात करता! मोहाचा धंदा म्हणजे दारूचाच धंदा, हे का लपवता?
— निवृत्त शिक्षिका, चंद्रपूर

उत्तर: बाई, लपवत नाहीये. गोळा झालेल्या फुलांतली खूपशी आजही भट्टीकडेच जातात, लाडू-सिरप-सुकवलेली फुलं वगैरे नवीन रस्ते अजून पायवाटेएवढेच आहेत. दारूने काय होतं ते तिथल्या बायांना आपण शिकवायला नको, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे ती लोकांनी मागून घेतलेली, तुमच्याकडे २०१५ ला आली आणि २०२१ ला गेली.

पण फुलाला आरोपी करायची सवय कुठून आली तेही बघा ना. इंग्रजांनी १८९२ साली मुंबई इलाख्यात मोहाच्या फुलांवर स्वतंत्र कायदाच केला, ठाणे-कुलाब्याकडे फुलं गोळा करण्यावर, जवळ ठेवण्यावर बंधनं. आदिवासींच्या तब्येतीची काळजी म्हणून नव्हे हो, घरोघरी गाळायला लागले तर ठेक्याची दारू कोण घेणार आणि अबकारी कुठून येणार म्हणून. त्यांना फुलात फक्त दारू दिसली, ज्यांच्या घरात पावसाळ्यात धान्य संपायचं त्यांना त्यात भाकरी दिसत होती. पुढेही साठवण-वाहतुकीवर परवान्याची कटकट राहिली आणि त्यातून झालं काय, तर बायांनी हंगामात पडेल भावाने फूल व्यापाऱ्याला द्यायचं आणि पावसाळ्यात तेच फूल त्याच्याकडून महाग विकत घ्यायचं! साठवायची मुभा आणि चार महिने थांबायची ऐपत, एवढ्यानेच मोहाचा अर्धा धंदा सुधारतो. दारूचा प्रश्न त्याने सुटत नाही, ते वेगळं भांडण आहे आणि त्यात मी तुमच्या बाजूने.

प्रश्न: जय जोहार ताई. आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळालाय. एक व्यापारी म्हणतो तीन वर्षांचा बांबू एकदम तोडू द्या, नगामागे दोन रुपये जास्त देतो, ॲडव्हान्स आजच घ्या. गावात दोन तट पडलेत. काय करावं?
— ग्रामसभेचा सचिव, धानोरा तालुका, गडचिरोली

उत्तर: जय जोहार दादा. तुम्हाला मी काय सांगणार, मेंढा (लेखा) तुमच्याच तालुक्यात आहे, सायकलवर जाऊन विचारून याल. तरी बाकी वाचकांना कळावं म्हणून थोडं मागचं सांगते.

मेंढा हे पाचशेच्या आसपास वस्तीचं गोंड गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. वनहक्क कायदा २००६ चा, त्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. कागद मिळाला पण बांबू काही बाहेर निघेना, कारण वाहतुकीचा पास देणार वनखातं, आणि खातं म्हणणार बांबू हे झाड आहे, म्हणजे आमचं. १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाडांत मोडत होता आणि २००६ च्या कायद्यात स्वच्छ लिहिलंय की तो गौण वनोपज, म्हणजे गावाचा. शेवटी २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश मुख्यमंत्र्यांना घेऊन गावात आले आणि वाहतुकीच्या पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. लोकांना वाटतं कसलं ते पावतीपुस्तक, पण पास ज्याच्या हातात धंदा त्याच्या हातात, हे जंगलातल्या कुठल्याही पोराला विचारा. आधी हाच बांबू लीजवर कागद कारखान्याला जायचा आणि गावाला मिळायची तोडाई. पास आल्यावर गावाने स्वतः टेंडर काढलं आणि उलाढाल कोटीच्या घरात गेली.

आता तुमचा व्यापारी. एकदम तीन वर्षांचं तोडणं म्हणजे गाभण म्हैस खाटकाला देण्यासारखं आहे. तुमच्याकडचा मानवेल बांबू रांजीत, म्हणजे बेटात, वाढतो, नवा कोंब, म्हणजे तुमचे वास्ते, जमिनीखालच्या कंदातून येतो आणि त्या कंदाला पोसतात वरचे जुने बांबू त्यांच्या पानांनी. जुने सगळे उचलले की पुढच्या पावसात कोंब येतील पण काठीएवढे. म्हणून जाणती माणसं काय करतात तर जंगलाचे तीन-चार भाग पाडतात, दरवर्षी एकाच भागात कटाई, या पावसातल्या आणि मागच्या पावसातल्या कोवळ्याला हात लावायचा नाही, रांजीत आठ-दहा पक्के बांबू आधाराला ठेवायचे, वीतभर उंचीवर पेराच्या जरा वर छाटायचं म्हणजे खुंटात पाणी साचत नाही, आणि पावसाळा लागला की कोयता घरात. हे सगळं तुम्हाला माहितीये हे मला माहितीये. पण व्यापाऱ्याच्या तोंडावर बोलायला ते ठरावात लिहिलेलं पाहिजे, तोंडी शहाणपण ॲडव्हान्सपुढे टिकत नाही.

आणि ते दोन रुपये. जास्त रेट कुणी प्रेमाने देत नाही. त्याला माहितीये की पुढच्या दोन वर्षांचा माल आजच्या भावात मिळतोय आणि तुमच्या जंगलाचं काय होतं ते बघायला त्याला परत यायचंच नाहीये. तुम्हाला मात्र तिथेच राहायचंय. तट पडलेत म्हणता तर घाईने मतदान घेऊन बहुमताने रेटू नका, मेंढ्यात सगळ्यांचं एक होईपर्यंत बसतात, चार बैठका जास्त होतात पण नंतर कुणी रात्री गुपचूप ट्रक भरत नाही.

पैशाचं पण ऐका, कारण बऱ्याच ग्रामसभा जंगल सांभाळतात आणि हिशोबात मार खातात. ग्रामसभेच्या नावाने पॅन काढलंय का? नसेल तर कापलेला टॅक्स परत मागता येत नाही, तो तसाच सरकारजमा. करारात हप्ते, तारखा आणि पैसे थकले तर माल अडवायचा हक्क लिहा. तेंदूत काय झालं आठवतंय ना, २०१७ ला भाव आभाळाला भिडले, त्याच वर्षी तेंदूपत्त्यावर १८ टक्के जीएसटी लागला, पुढे भाव कोसळले आणि काही कंत्राटदारांनी ग्रामसभांचे पैसे अडकवून ठेवले. एकटं गाव अशा माणसामागे किती पळणार? म्हणून गडचिरोलीच्याच कोरची तालुक्यात ऐंशीहून जास्त ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली, टेंडर एकत्र, भांडण पण एकत्र.

विकायचंच नाही असंही गाव ठरवू शकतं बरं का. चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव, २०१२ मध्ये १००६ हेक्टरवर हक्क मिळाला, बांबू विकतात पण तेंदूपत्ता तोडणं त्यांनी बंद केलं. कारण काय, तर कोवळी पानं यावीत म्हणून झाडं छाटतात, आगी लावतात, मग झाड वाढत नाही आणि टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, धरत नाहीत. सत्तर पानांचा पुडा, हजार पुड्यांची गोणी, उन्हातानात पंधरा-वीस दिवसांत हातात रोख पैसा, आणि त्याला गाव नाही म्हणालं! बाहेरून येऊन बंदी घालणाऱ्याला हे जमलं नसतं, त्यासाठी आधी "हो" म्हणायचा हक्क लागतो.

प्रश्न: आमच्याकडे नागपंचमीला नाग पकडण्यावर कोर्टाने बंधनं आणली. आणि तिकडे तामिळनाडूत इरुळा लोक नाग पकडून विष काढून विकतात, त्यांना पद्मश्री! हा कुठला न्याय?
— बत्तीस शिराळा, सांगली

उत्तर: पत्रातला राग पोचला. पद्मश्रीचं खरं आहे, २०२३ ला वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या दोघा इरुळा सापवाल्यांना मिळाली, आणि मला विचाराल तर उशिराच मिळाली.

हे लोक पूर्वी साप पकडायचे ते कातड्यासाठी, पट्टे आणि पर्सा बनायच्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर कातड्याचा धंदा बंद पडला आणि साप शोधण्यात ज्यांचा हात धरणारं देशात कुणी नाही ती माणसं उपाशी. मग १९७८ मध्ये सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने चेन्नईजवळ त्यांची सहकारी सोसायटी उभी राहिली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारच साप, किती पकडायचे त्याचा आकडा सरकार ठरवून देणार, पकडलेला साप तीन-चार आठवडे मडक्यात ठेवायचा, आठवड्याला एकदा विष काढायचं, पोटाच्या खवल्यावर खूण करायची म्हणजे तोच परत पकडला जाऊ नये, आणि सोडून द्यायचा. त्या विषावर आपल्या देशातली सर्पदंशाची लस बनते. कायद्यातच तशी सोय आहे, जीव वाचवणाऱ्या औषधासाठी विष काढायला परवानगी मिळू शकते.

तुमच्या गावात साप पकडायची कला आहेच, ती कुणी नाकारत नाही. फरक मिरवणुकीचा आहे. तिकडे साप कोण पकडतो, किती पकडतो, किती दिवस ठेवतो आणि परत सोडतो का, या चारी गोष्टी वहीत असतात. तसं काही तुमच्याकडच्या पोरांनी उभं केलं तर मी स्वतः येऊन लिहीन. मागणी पण आहे, एका भागातल्या घोणशीचं विष आणि दुसऱ्या भागातल्या घोणशीचं विष यात फरक पडतो आणि लस एकाच भागातल्या विषाची असेल तर दुसरीकडे कमी लागू पडते, हे आता बऱ्याच संशोधनांत दिसलंय. महाराष्ट्रातल्या सापांचं विष महाराष्ट्रातून मिळायला हवं असं म्हणणाऱ्यांत मी आहे, आणि लस बनवणारी हाफकिन तर आपल्या परळलाच.

प्रश्न: आम्ही जुन्नर भागातले महादेव कोळी. बाळहिरडा गोळा करतो. व्यापारी देईल तो भाव. काही कंपनी वगैरे काढावी का?
— जुन्नर, पुणे

उत्तर: काढा, पण त्याआधी दोन वर्षं फक्त वाळवणं आणि थांबणं शिका, गंमत नाही करत. हिरड्याचा भाव पडतो तो ओल्या मालामुळे आणि लग्नसराईच्या घाईमुळे, नीट वाळवलेला, निवडलेला, कोरड्या जागी ठेवलेला बाळहिरडा टिकतो. आधारभूत किमतीची योजना आहे, पण खरेदी केंद्र वेळेवर उघडलं तर त्या किमतीला अर्थ, ते तुम्हाला माझ्याहून चांगलं माहितीये.

माझी काळजी वेगळी आहे. बाळहिरडा म्हणजे बी धरायच्या आधीचं कोवळं फळ. भाव त्यालाच, म्हणून झाड सगळं ओरबाडलं जातं. सगळं झाड बाळहिरड्यातच संपलं तर पिकलेला हिरडा कुठून येणार आणि रोप कुठून येणार? आपली आजी वेलावरचा एक दुधी बेण्याला राखायची ना, तसं दर वस्तीने काही झाडं बेण्याला राखून ठेवावीत, त्यावर खूण करावी आणि त्याला हात लावेल त्याला दंड. फांद्या तोडून फळं काढणाऱ्यालाही दंड, पुढच्या सालचा बहार त्याच फांदीवर असतो.

कंपनीचं विचाराल तर ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरकडे बघून या. कातकरी पोरांनी गुळवेल गोळा करून, सुकवून विकायला सुरुवात केली, मोठ्या आयुर्वेदिक कंपन्यांच्या ऑर्डरी आल्या, वनधन केंद्र मिळालं. वनधन ही वनोपजाची सरकारी योजना, एक केंद्र म्हणजे वीस-वीस जणांचे पंधरा गट, एकूण तीनशे माणसं, असा सरकारी हिशोब. गुळवेल दयाळू वेल आहे, खालचं खोड राखून वरचं कापलं तर परत फुटते. हिरडा तेवढा दयाळू नाही, त्याला वेळ लागतो, ऑर्डर घेताना हे डोक्यात ठेवा.

प्रश्न: एक्झिबिशनमध्ये "जंगली मध" घेतला. खूप पातळ निघाला आणि महिन्याभरात फेस आला. फसवलं का आम्हाला?
— ठाणे

उत्तर: कदाचित नाही. आग्या मोहोळाच्या मधात पाणी मुळात जास्त असतं, आणि २० टक्क्यांच्या वर गेलं की मध आंबू लागतो, फेस त्याचाच. पातळ म्हणजे साखरेचा पाक असंच काही नाही, उलट वर्षभर एकाच रंगाचा, एकाच चवीचा मध मिळत असेल तर मला जास्त शंका येते. विकणाऱ्याला भेसळ विचारू नका, मध कसा काढला ते विचारा. रात्री पेटता टेंभा लावून सगळं पोळं उतरवलं तर माश्या जळतात, अंडी-पिल्लं पिळली जातात आणि तो मध गढूळ येतो. दिवसा अंगभर जाळीचा ड्रेस घालून फक्त मधाचा भाग कापला आणि पिल्लांचा भाग तसाच ठेवला तर माश्या परत मध भरतात, त्याच पोळ्यातनं हंगामात पुन्हा काढता येतो. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसने ही पद्धत मेळघाटातल्या कोरकूंपासून कितीतरी जणांना शिकवली. ज्याला पिल्लांचा भाग म्हणजे काय ते सांगता येतं त्याच्याकडून डोळे झाकून घ्या. बाटली फ्रिजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा.

प्रश्न: जंगलातल्या माहितीवर कंपन्या औषधं बनवून करोडो कमावतात. माहिती देणाऱ्या आदिवासींना कायद्याने काही मिळतं का?
— लॉ स्टुडंट, कोल्हापूर

उत्तर: कायद्याने मिळायला पाहिजे, मिळतं का हा दुसरा पेपर. केरळच्या काणी लोकांची गोष्ट वाच. १९८७ मध्ये अगस्त्यमलईच्या डोंगरात शास्त्रज्ञ दमून बसले आणि वाटाडे काणी मात्र ताजेतवाने, का तर ते एका छोट्या रोपाची फळं चघळत होते. ते आरोग्यपच्चा. त्यातून "जीवनी" हे औषध बनलं, एका आयुर्वेदिक कंपनीला १० लाख फी आणि २ टक्के रॉयल्टीवर दिलं, आणि संशोधन संस्थेने त्यातला निम्मा वाटा काणी लोकांना द्यायचं ठरवलं, १९९७ मध्ये त्यांचा ट्रस्ट झाला. जगभर उदाहरण म्हणून सांगतात. पण झाड लावायला, पानं विकायला वनखात्याची परवानगी लागत होती तिथे घोडं अडलं आणि पुढे सगळं थंडावलं. वाटा ठरला, पण पान तोडायचा अधिकार दुसऱ्याकडेच.

आपल्याकडे २००२ चा जैवविविधता कायदा आहे. देशी कंपनीला लाभाचा वाटा द्यावा लागणार की नाही यावर वाद झाला तेव्हा उत्तराखंड हायकोर्टाने २०१८ मध्ये द्यावाच लागेल असं सांगितलं. मग २०२३ ला दुरुस्ती आली आणि ग्रंथात लिहिलेलं पारंपरिक ज्ञान, आयुषचे वैद्य वगैरेंना त्यातून सूट. मला हे पटलेलं नाही, कारण ग्रंथात लिहिलं म्हणजे जंगलातल्या बाईला माहिती नव्हतं असं थोडंच आहे, आणि वनस्पती तर आजही तीच आणून देते. तू वकील होणारेस ना, वनहक्क कायद्यातलं कलम ३(१)(ट) काढून वाच, पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्क तिथे लिहिलेला आहे आणि जवळजवळ कुणी वापरत नाही.

प्रश्न: इथे ऑस्ट्रेलियात "बुश टकर" म्हणजे ॲबोरिजिनल लोकांच्या रानमेव्याची फॅशन आलीये. काकाडू प्लम, वॅटलसीड, सगळं महाग. पैसा त्यांनाच जातो का?
— ब्रिस्बेनहून एक वाचक

उत्तर: फार थोडा जातो असं तिथलेच लोक तक्रारीने सांगतात. तुमच्या शेजारच्या झाडाचंच उदाहरण घ्या, मॅकॅडेमिया मूळ क्वीन्सलंडच्या रानातली, ॲबोरिजिनल लोक पिढ्यान्‌पिढ्या खात आलेले, आणि तिचा मोठा धंदा आधी उभा राहिला हवाईत! काकाडू प्लममध्ये क जीवनसत्त्व प्रचंड, म्हणून एका अमेरिकन कॉस्मेटिक कंपनीने त्यावर पेटंटचा अर्ज टाकला होता, ऑस्ट्रेलियात विरोध झाल्यावर तो मागे गेला. आता उत्तरेकडच्या ॲबोरिजिनल गटांनी काकाडू प्लमसाठी स्वतःची युती केलीये, कोरचीच्या महाग्रामसभेची मावसबहीणच म्हणा.

जास्त रंगतदार आहे ते तुमच्याकडच्या मगरींचं. नॉर्दर्न टेरिटरीत खाऱ्या पाण्यातल्या मगरी शिकारीने ३००० वर आल्या तेव्हा १९७१ मध्ये संरक्षण मिळालं, आज लाखाच्या आसपास आहेत. मगर वाढली तर गाववाल्याला काय, गाय जाते नाहीतर पोर जातं. म्हणून अंडी गोळा करायला कोटा दिला आणि ज्यांच्या जमिनीवर घरटं त्या ॲबोरिजिनल मालकांना अंड्यामागे पैसे. तशीही बरीच अंडी पुरात बुडून जातात. मगर जिवंत राहण्यात गावाचा पैसा आहे म्हटल्यावर पाणथळ जागा राखल्या जातात. आपल्याकडे वन्यप्राण्यांच्या व्यापाराला बंदी आहे आणि ती असावी असंच मला वाटतं, इथली गर्दी आणि इथली भूक वेगळी आहे. पण वाघाच्या जंगलाशेजारी राहणाऱ्याला वाघ जगण्यात काय मिळतं, हा प्रश्न त्यामुळे संपत नाही, ताडोब्याच्या रिसॉर्टमध्ये बसून तो सुटणार तर अजिबातच नाही.

प्रश्न: जावईबापूंनी गडचिरोलीहून दोन किलो वाळलेली मोहफुलं आणलीत. घरात वास सुटलाय, सून म्हणते फेकून द्या. काय करू?
— एक काकू, नाशिक

उत्तर: काकू, फेकू नका हो! पण तो वास पहिल्यांदा नाकात बसतो हे खरं. आधी निवडा, फुलाच्या आतले केसर झटकून काढा नाहीतर घशात खवखवतं. दोन पाण्यांनी धुवा, माती फार असते (जाळीवरची असतील तर कमी). कापडावर पसरून कडक वाळवा, मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर कोरडीच भाजा, लालसर होऊन चिवटपणा गेला पाहिजे. तीळ वेगळे भाजा, थोडे जास्तच घ्या, वाटीला वाटी. दोन्ही खलबत्त्यात किंवा मिक्सरला थांबत थांबत कुटा, सलग फिरवलंत तर गोळा होतो. गूळ लागत नाही, फूलच गोड असतं, फार तर चिमूटभर सुंठ. तुपाचा हात लावून लाडू वळा आणि पहिल्या दिवशी एकच खा, पोटाला सवय नसते. सुनेला सांगू नका कशाचे आहेत, खाऊन झाल्यावर सांगा.